विठोबाचा सोपा नक्की कधीचा? कौलावर १८६५ आहे खरं...

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कमिटीतली निम्मी माणसं इथं गुपचूप वाचत असतात.

गावात विठ्ठलाच्या देवळाला लागून एक जुना हॉल आहे. हॉल आम्ही आत्ता म्हणायला लागलो, म्हातारी माणसं 'विठोबाचा सोपा' म्हणतात. जांभ्या चिऱ्याचं जोतं, बारा लाकडी खांब, वर मंगळुरी कौलं, तीन बाजू उघड्या. भजन, पारायण, सप्ताह, कीर्तन, भांडणाचा न्यायनिवाडा, सगळं तिथंच. पावसाळ्यात बाजूनं झडी बांधायच्या. मी लहान असताना जमीन शेणानं सारवलेली होती, नंतर शहाबादी फरशी आली.

आता कमिटीनं ठरवलंय की हे पाडून स्लॅबचा हॉल बांधायचा आणि पुढं कमान, कमानीवर 'स्थापना १८६५'. कारण कौल परतताना एक अर्धं फुटकं कौल मिळालं, त्याच्या उलट्या बाजूला उठावाच्या इंग्रजी अक्षरात '...मंगलोर १८६५' असं आहे. झालं, सगळे खूश. मला हे पटेना झालंय. मधल्या तुळईवर कोरलेली एक ओळ आहे तिकडं कुणी बघायलाच तयार नाही. तिच्यावर 'शके १८' एवढं स्पष्ट, पुढचा आकडा गेलाय, शेवटी ४, आणि पुढं 'चित्रभानु नाम संवत्सरे'. नेमकं तिसऱ्या आकड्यावर कुणीतरी ट्यूबलाईटची पट्टी ठोकलीय!!

तर प्रश्न असा, की असल्या वास्तूचं साल कसं काढायचं? कुणी आपल्या गावात काढलंय काय?

सदाशिवपेठी
सभागृह म्हणजे प्रार्थना समाजाचं का? मुंबईत प्रार्थना समाज १८६७ ला स्थापन झाला, त्यामुळे १८६५ जरा आधीचं वाटतं.

मलप्रभाकाठ
नाही हो साहेब, माळकऱ्यांचं. आमच्या गावात तेव्हा समाज म्हणजे फक्त जातीचा.

लोंढा_जंक्शन
पयलं ते कौलाचं डोक्यातनं काढा की. १८६५ हे कारखान्याचं साल हाय, कौलाचं न्हवं. मंगळुरात बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ ला कौलाचा कारखाना काढला, आणि पुढं पन्नास पन्नास वर्सं त्येच साल साच्यात राहिलं. मिठाईवाल्याच्या पुड्यावर 'स्थापना १९३२' असतंय म्हणून आतला कुंदा १९३२ चा असतोय काय?

कुंदाप्रेमी
काही दुकानात असतो. 😀

रीप_वासा
लोंढा_जंक्शन यांनी बरोबर सांगितलं. माझे चुलते खानापुरात कौलाच्या कारखान्यात होते (खानापूरची माती कौलाला आणि मडक्याला नामी, हे इथल्यांना सांगायला नको) त्यामुळं घरात लहानपणापासून कौलपुराण ऐकलंय. थोडं सविस्तर लिहितो.

एक, कौलाच्या मागचं नाव पूर्ण वाचा. अर्ध्या कौलावर जाऊ नका. बासेल मिशन म्हणजे जर्मन-स्विस लोक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांचे धंदे ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेले. म्हणजे फुटलेल्या अर्ध्यावर 'बासेल मिशन' असेल तर युद्धाच्या आधीचं, 'कॉमनवेल्थ' असेल तर नंतरचं. साल दोन्हीकडं १८६५ च दिसू शकतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, कौलावरनं घराचं वय सांगणं म्हणजे टोपीवरनं माणसाचं वय सांगणं. दरवर्षी मृगाच्या आधी कौलं परततात, माकडांनी फोडलेली, नारळ पडून फुटलेली बदलतात. एका छपरावर चार कारखान्यांची कौलं सापडतात. आमच्याच गोठ्यावर तीन आहेत.

तीन, मंगळुरी कौलाच्या खाली रिपा कशा आहेत बघा. त्या कौलाला रिपा ठरावीक अंतरावर लागतात. आधी नळ्याची कौलं किंवा गवत असलं तर वासे जास्त जवळ जवळ असतात, जुन्या खिळ्यांची भोकं वेगळ्या जागी असतात. वर चढून वाशांकडं बघा, कौलांकडं नको.

संकेश्वरी_मिरची
तीन मुद्दे लिहून 'थोडं सविस्तर'. पूर्ण सविस्तर लिहिलं असतं तर सप्ताह संपला असता.

काकडारती
चित्रभानु सापडला म्हणजे निम्मं काम झालं. संवत्सरं साठ, आणि ती फिरून फिरून येतात. प्रभव पहिलं, चित्रभानु सोळावं. आत्ता जवळचं आठवा, २००२ च्या पाडव्याला चित्रभानु लागलं होतं, ते शके १९२४. त्यातनं साठ वजा करा, शके १८६४. आणखी साठ वजा करा, शके १८०४. दोन्हीच्या शेवटी ४!! इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे (पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असली तर बहुतेक ७९). म्हणजे एकतर १८८२ किंवा १९४२. तुमचा गेलेला आकडा एकतर शून्य नाहीतर सहा. मध्ये काहीच बसत नाही.

१८६५ म्हणजे शके १७८७, त्या वर्षी चित्रभानु असणं शक्य नाही.

बेळगावी_बे
एक नंबर. कमिटीला हे सांग बे, म्हणाव पंचांग बघा पयलं.

मलप्रभाकाठ
काकडारती, तुमच्या पाया पडतो. गेली दोन वर्षं मी हे १८१४, १८२४, १८३४ करत बसलोय.

अनगोळकरीण
माझं माहेर त्याच बाजूचं (गाव ओळखलं, सांगत नाही). माझी आजी सांगायची की तिचे वडील १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या काँग्रेसला बेळगावला चालत गेले, आणि जाताना पहिली रात्र एका विठोबाच्या सोप्यात काढली. थंडी मरणाची, सगळ्यांनी मिळून एकच घोंगडं, आणि सोप्यात भजन चालू होतं म्हणून झोप काही आली नाही. टिळकवाडीला पोचल्यावर सभेत मागं बसून झोपले, गांधी दिसले खरं ऐकले नाहीत. ही गोष्ट आजीनं शंभरदा सांगितली असेल. तो सोपा हाच असेल तर १९४२ कसं चालेल?

सदाशिवपेठी
'दिसले खरं ऐकले नाहीत' म्हणजे? खरंच ऐकले नाहीत असं का?

बेळगावी_बे
आलं बघा पुणं. आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. तुमच्याकडं खरं बोलताना पण लावतात, आमच्याकडं पण म्हणताना खरं लावतात.

सदाशिवपेठी
हे वाक्य मी लिहून ठेवतोय.

निपाणीची_बिडी
१९४२ ला महायुद्ध चालू, देशात चले जाव, रॉकेल आणि धान्य मिळायची मारामार, आणि एका खेड्यात लोक हॉल बांधत बसले? शून्यच असणार. १८८२.

रीप_वासा
लाकूड, चिरा, माती, सगळं गावातलं. किंदळ नाहीतर फणस तोडायला कुठं परवाना लागत होता... बरं लागत होता, खरं कोण विचारतंय. युद्धाचा आणि सोप्याचा संबंध कौलांपुरता. उलट १८८२ ला आपल्याकडं रेल्वे नव्हती. मंगळुरी कौलं आणायची तर गलबतानं वेंगुर्ल्याला आणि तिथनं बैलगाडीनं घाट चढून. विठोबासाठी आणली असतील म्हणा, खरं १८८२ ला कौलं नसणारच, गवत असेल नाहीतर नळे.

कुंदाप्रेमी
आमच्या गावचे लोक सांगतात स्वामी विवेकानंद आमच्या सोप्यात येऊन बसले होते.

काकडारती
विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात होते, आधी भाट्यांच्या घरी आणि मग हरिपद मित्र यांच्याकडं. तिथून गोव्याला गेले. तेवढ्या दिवसात जेवढी गावं त्यांना आपल्याकडं आणतात तेवढी फिरायची तर त्यांना मोटरसायकल लागली असती.

संकेश्वरी_मिरची
शिवाजी महाराज, विवेकानंद आणि गांधीजी तिघांपैकी एकही आलेला नाही असं एक तरी गाव दाखवा, मी कुंदा देतो. पावशेर.

हलशी_वाट
साल काढायचा कागदी रस्ता सांगतो. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं इथल्या देवस्थानांना मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० लागला आणि त्यानुसार बऱ्याच देवळांची नोंदणी झाली. त्या नोंदणीत संस्थेचा उगम कसा झाला, मिळकत काय, असले रकाने असतात. तो जुना उतारा काढा. आमच्या देवळाचा काढला तेव्हा त्यात चार ओळीत अख्खा इतिहास मिळाला, आणि एक जमीन पण मिळाली जी कुणाच्या तरी उसाखाली होती. तेव्हापासून माझ्याशी दोन घरं बोलत नाहीत.

दुसरं, १८८४ चा बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटिअर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड. हलशी, नंदगड असली मोठी गावं त्यात आहेत. लहान गावातल्या भजनाच्या सोप्याची अपेक्षा ठेवू नका, खरं त्या काळी गावात किती घरं, कुठला बाजार, रस्ता कुठला हे कळतं.

एकीकरणवाला
हे सगळं ठीक. मूळ मुद्दा हा की तुळईवर मराठीत लिहिलंय. शके १८८२ असो की...

काकडारती
शके १८०४. १८८२ हे इसवी सन.

एकीकरणवाला
तेच. मुद्दा हा की तेव्हा ह्या गावात मराठीच होतं हा पुरावा आहे. हा फोटो कोर्टात दिला पाहिजे.

मलप्रभाकाठ
दादा, त्याच सोप्यात एकादशीला आमचे लोक तुकोबाचे अभंग म्हणतात आणि शेजारच्या गल्लीतली मंडळी पुरंदरदासांची कानडी पदं. दोन्हीच्या शेवटी विठ्ठल येतोच. पुरंदरदासांची सही म्हणजेच 'पुरंदर विठ्ठल'. पखवाज वाजवणारा एकच, तो दोघांनाही सारखाच शिव्या घालतो.

एकीकरणवाला
म्हणजे मी काय चुकीचं बोललो? माझे वडील १९५६ पासून...

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथे आजच ४१२ प्रतिसाद झाले आहेत. इथे सोप्यावर बोला.

बेळगावी_बे
सोप्यावर बसून बोला.

अनगोळकरीण
मूळ विषयावर येते. सोप्याचा इतिहास म्हणजे साल एवढंच आहे का? मला आठवतं ते सांगते. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, सात दिवस म्हणजे १६८ तास, दोन दोन तासांचे ८४ पहारे. पहाऱ्याची यादी खडूनं दारामागच्या फळीवर. दिवसाचे पहारे भराभर भरायचे, आणि रात्री दोन ते चारला कुणी मिळायचं नाही. मी नववीत होते, त्या रात्री पहारेकरी आलाच नाही, आणि आधीचा म्हातारा वीणा घेऊन उभा, पाय लटलट कापत होते त्याचे. आई जाऊन म्हणाली द्या इकडं, मी धरते. लगेच चारजण उठले, बाईच्या गळ्यात वीणा कशी म्हणून. ते चारजण त्या आधी झोपलेलेच होते, म्हाताऱ्याच्या पायाकडं कुणी बघितलं नव्हतं. शेवटी त्यातल्याच एकानं तोंड वाकडं करून घेतली. आई घरी येऊन म्हणाली, बरं झालं, निदान उठले तरी.

आता तिथं बायकांचं भजनी मंडळ आहे आणि दोन ते चारचा पहारा कायम बायकांचा. म्हणजे कुणी नको म्हटलेला पहारा बायकांना मिळाला असंही म्हणता येईल. तर कमानीवर काय लिहायचं ते लिहा, हे पण कुठंतरी लिहून ठेवा.

संकेश्वरी_मिरची
+१. मिरची बाजूला ठेवून सांगतो, चांगलं लिहिलंय ताई.

निपाणीची_बिडी
आमच्याकडं बायकांना वीणा द्यायला अजून तयार नाहीत. आणि पुरुष तर मोबाईल बघत वीणा धरतात.

हलशी_वाट
अनगोळकरीण यांच्या आजीच्या गोष्टीवर एक शंका. सोपा १९२४ ला होता हे मान्य. पण *हाच* सोपा होता काय? आमच्या गावात 'जुनं देऊळ' म्हणून जे दाखवतात ते मी शाळेत असताना बांधलेलं आहे, जागा जुनी.

मलप्रभाकाठ
(चार दिवसांनी)
मंडळी, काल रविवारी आम्ही तिघं चढलो. रीप_वासा यांच्या सांगण्याप्रमाणे आधी छपराकडं बघितलं. लिहायला बसलोय तर हात अजून काळे आहेत, शंभर वर्षांचा धूर आणि वटवाघळांचं सगळं.

कौलं: पूर्ण कौलं उलटून बघितली, नऊ काढली. सहांवर 'कॉमनवेल्थ', दोन खानापूरची, एकावर काहीच वाचता येत नाही. बासेल मिशन एकही नाही. म्हणजे कमिटीचं कौल पहिल्या महायुद्धानंतरचं.

तुळई: ट्यूबलाईटची पट्टी काढायला वायरमन पायजे म्हणून मेन स्विच बंद करून स्वतःच काढली (घरी सांगू नका). खिळा बरोबर आकड्याच्या डोक्यात गेलाय. वरचा भाग गेलाच. ओलं फडकं फिरवलं, वाळू दिलं, मग रांगोळीची पूड बोटानं चोळली आणि बॅटरी समोरनं न धरता एकदम आडवी, तुळईला चिकटून धरली. तेव्हा खिळ्याच्या भोकाखालनं एक बारीक रेघ निघालेली दिसली, डावीकडनं उजवीकडं खाली वळलेली. शेपूट. शून्याला शेपूट नसतंय.

शके १८६४. म्हणजे १९४२-४३.

निपाणीची_बिडी
हरलो. बिडी विझली.

कुंदाप्रेमी
अनगोळकरीणच्या आजीचं काय मग?

मलप्रभाकाठ
तेच लिहीत होतो. आजी बरोबर आहे. उतरताना खांबाकडं लक्ष गेलं. बारापैकी आठ खांबांना, आत्ताच्या तुळईच्या हातभर खाली, रिकाम्या खाचा आहेत. चौकोनी, नीट तासलेल्या, आत जळमटं. आत्ताची कुठलीच तुळई त्यात बसत नाही. उरलेल्या चार खांबांना खाचा नाहीत, आणि त्यांचं लाकूडही वेगळं. म्हणजे आधी आठ खांबांचा बुटका सोपा होता, ४२ साली चार खांब वाढवून, छप्पर उचलून, नवी तुळई घातली. आणि त्या जुन्या आठ खांबांना बसल्यावर पाठ टेकते त्या उंचीला काळी तेलकट चकाकी आहे, आरशासारखी. नव्या चारांनाही आहे खरं फिकी. पाठ टेकून टेकून झालेली आहे ती, आमच्या आजोबांची, पणजोबांची, आणि ताईंच्या पणजोबांची एका रात्रीची.

अनगोळकरीण
पणजोबा झोपले नव्हते त्या रात्री, टेकूनच बसले असणार. फोटो टाका त्या खांबाचा.

रीप_वासा
खाचा बघितल्यात म्हणजे मानलं तुम्हाला. बुटकं छप्पर म्हणजे गवताचं किंवा नळ्याचं, उतार जास्त लागतो, कडा पार खाली येते, पाऊस आत येऊ नये म्हणून. खाचांच्या वर वाशाच्या जुन्या खुणा मिळतात काय बघा. आणि कृपा करून ते आठ खांब पाडू देऊ नका. स्लॅब घालायचाच असेल तर खांब आत ठेवून घाला म्हणाव, किंदळ असलं तर अजून शंभर वर्षं काही होत नाही. वाळवीला हात लावू द्या, इंजिनियरला नको.

काकडारती
आठ खांबांचं साल मात्र राहिलंच की. विश्वस्त नोंदणीचा उतारा काढलात काय?

मलप्रभाकाठ
अर्ज दिलाय. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं कशाला पायजे, म्हटलं खांबाचं वय काढायचंय, त्यांनी माझंच वय विचारलं.

काल संध्याकाळी कमिटीपुढं सगळं ठेवलं. अध्यक्ष अर्धा तास गप्प. मग म्हणाले, पेंटरला अॅडव्हान्स दिलाय. 'स्थापना' लिहून झालंय, आकडा घालायचा राहिलाय. तेवढा थांबवलाय सध्या. खांबांचं बोलणं पुढच्या बैठकीत.

बेळगावी_बे
'स्थापना' आणि पुढं मोकळी जागा. शोभतंय की. ट्यूबलाईट परत लावली काय?

मलप्रभाकाठ
लावली, वीतभर बाजूला. परवापासून सप्ताह आहे, अंधारात कसं चालेल.

अनगोळकरीण
यंदा मी येतेय. रात्री दोन ते चार कुठल्या दिवशी रिकामं आहे?

मलप्रभाकाठ
ताई, फळी बघून सांगतो. मंगळवार आणि गुरुवार मोकळे आहेत बहुतेक.

अनगोळकरीण
गुरुवार लिहा माझ्या नावावर. खडूनं.